मूल कोणाकडे जाणार?

घटस्फोटाची गोष्ट निघाली की घर, पैसा, दागिने हे विषय मागे पडतात आणि एक प्रश्न पुढे येतो: मूल कोणाकडे जाणार? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर आधीच तयार असतं. कुणी सांगितलेलं असतं की पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग बापाकडे. कुणाला वाटतं, मूल नऊ वर्षांचं झालं की न्यायाधीश त्यालाच विचारतात आणि ते म्हणेल तिकडे पाठवतात. कुणी धरून चालतं की ज्याच्या चुकीने संसार मोडला त्याला मूल मिळायचं नाही. ज्याचा पगार मोठा त्याची बाजू भक्कम, हीही समजूत घट्ट असते.

पहिल्या दोन समजुतींत कायद्याचा थोडा अंश आहे, उरलेल्या दोहोंत त्याहूनही कमी. गोंधळाचं मूळ असं की लग्न, घटस्फोट आणि मुलाचा ताबा हे आपण एकच भांडण समजतो. न्यायालय मात्र तीन निराळे प्रश्न विचारतं. हे लग्न कायद्याने झालं होतं का? ते मोडायला कायद्याला मान्य असं कारण किंवा दोघांची संमती आहे का? आणि या मुलाचं हित कशात आहे? पहिल्या दोन प्रश्नांत नवरा-बायकोचे हक्क आणि दोष तपासले जातात. तिसऱ्यात मध्यभागी मूल असतं. दुसऱ्या प्रश्नात जिंकलेला माणूस तिसऱ्यात हरू शकतो, तो यामुळेच. म्हणून तिन्ही प्रश्न क्रमाने पाहू.

१. लग्न झालं, हे कायदा कशावरून मानतो?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा त्या लग्नाचा पुरावा आहे. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. व्हिसासाठी किंवा घर घेण्यासाठी ‘आधी कागद करून ठेवू, लग्न नंतर’ असं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात उलट आहे. तिथे विधी लागत नाहीत. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदारांसमोर सह्या करायच्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहिता आहे आणि तिथे नागरी नोंदणीलाच मूळ महत्त्व आहे.

लग्नच कायदेशीर नसेल तर मुलाचं काय? समजा, नवऱ्याची पहिली बायको हयात आहे आणि घटस्फोट न घेता त्याने दुसरं लग्न केलं. हिंदू विवाह कायद्यानुसार दुसरं लग्न शून्य. पण त्याच कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की त्यातून झालेलं मूल औरस आहे. आईवडिलांच्या मालमत्तेत त्याला हक्क मिळतो आणि त्याच्या पालनपोषणाची जबाबदारी टळत नाही. मोठ्यांच्या नात्यातला दोष मुलावर येऊ द्यायचा नाही, ही भूमिका कायद्याने इथपासूनच घेतलेली आहे.

२. संसार मोडण्याच्या दोन वाटा

पहिली वाट भांडणाची. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात कारणं दिली आहेत: क्रूरता, विवाहबाह्य शरीरसंबंध, दोन वर्षं टाकून देणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. इथे कुणाचा दोष किती, हे पुराव्याने ठरतं आणि तो हिशेब फार बारकाईने होतो. पुण्यात लग्न झालेल्या एका दाम्पत्याचा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. पत्नीची वागणूक क्रूरतेत मोडते, असं न्यायालयाने मानलं. तरीही पतीची मागणी फेटाळली. त्या वागणुकीनंतरही दोघं एकत्र राहिले होते, त्यांचे वैवाहिक संबंध चालू होते, म्हणजे पतीने ते सारं क्षमा केलं होतं, असा निष्कर्ष निघाला. क्रूरतेच्या खटल्यांत या निकालाचा दाखला आजही दिला जातो.

दुसरी वाट संमतीची. हे कलम १३-ब, १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं. त्याचं वेळापत्रक उदाहरणाने पाहू. समजा, नाशिकचं एक जोडपं १ मार्च २०२४ पासून पती-पत्नी म्हणून एकत्र राहत नाही. किमान एक वर्ष असं गेलं पाहिजे. म्हणजे १ मार्च २०२५ नंतर दोघांना मिळून अर्ज करता येतो. त्यांनी तो १ एप्रिल २०२५ ला केला, तर विचार करायला सहा महिन्यांचा अवधी असतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर दोघांनी पुन्हा येऊन ‘आम्ही ठाम आहोत’ असं सांगायचं. ही दुसरी पायरी अर्जापासून १८ महिन्यांच्या आत व्हायला हवी. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

सहा महिन्यांची ही अट माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. मात्र अर्जाआधीचं वेगळं राहणं पुरेसं लांबलेलं असावं, समेटाचे प्रयत्न खुंटलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा यांचा निवाडा आधीच झालेला असावा. ‘संसार सावरण्यापलीकडे गेला आहे’ एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला, राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली आहे. कुटुंब न्यायालयाला तो नाही.

आता आपल्याकडची तिसरी, आडवाट. स्टँप पेपरवर फारकत लिहायची, पाच पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि मोकळं व्हायचं. अनेक जातींत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि १९५५ च्या कायद्याने अशा रूढी राखूनही ठेवल्या आहेत. पण आपल्या समाजात ती रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली, हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही, तर नोटरीचा शिक्का असलेली सोडचिठ्ठीही कुचकामी ठरते आणि त्या भरवशावर केलेलं पुढचं लग्न अडचणीत येतं. अशा कागदावर ‘मुलावर यापुढे माझा हक्क नाही’ असं वाक्य हमखास असतं. न्यायालय त्याला बांधील नाही. आईबापांनी आपापसांत काहीही लिहून दिलं, तरी मुलाच्या हिताचा सौदा त्यांना करता येत नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी यांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत. मात्र पालकत्वाचा १८९० चा कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे. ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्‌स अ‍ॅक्ट’ या नावानेच तो कोर्टात ओळखला जातो.

३. पालकत्व आणि ताबा यांत फरक काय?

सातबाऱ्यावर नाव एका भावाचं असतं आणि शेत कसतो दुसरा भाऊ. पालकत्व आणि ताबा यांचं काहीसं असंच आहे. ताबा म्हणजे मूल रोज कुणाजवळ राहतं, त्याला शाळेत कोण सोडतं, ताप आला तर रात्री कोण जागतं. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने सही करण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा आणि मोठे निर्णय घेण्याचा अधिकार. दोन्ही एकाकडे असू शकतात किंवा वेगवेगळ्या हातांत. उपमा इथेच सोडायची. शेताला कोणाकडे जायचं ते विचारत नाहीत, मुलाला विचारतात.

हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे की मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई. विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाबाबत मात्र आई आधी येते. या ‘नंतर’मुळे आईची सही वर्षानुवर्षं नाकारली गेली. इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून सही केली, तेव्हा वडिलांची सही आणा, असं त्यांना सांगण्यात आलं. नवरा-बायकोने मिळून दाद मागितली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ‘नंतर’ म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाकडे लक्ष देत नसतील, दूर असतील किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असते. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात आई आणि वडील यांना समान दर्जा देण्याची शिफारस केली. कलमातले शब्द मात्र अजून तसेच आहेत.

४. मुलाचं हित कशावरून ठरतं?

१९५६ च्या कायद्याचं तेरावं कलम सांगतं की पालक नेमताना मुलाचं हित सर्वांत वरचं. याच दिव्याखाली सुरुवातीच्या समजुती तपासू.

पाच वर्षांचा नियम. पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा, असं सहावं कलम म्हणतं. २०१५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा अर्थ स्पष्ट केला: इतक्या लहान मुलाला आईपासून दूर ठेवायचं असेल, तर आई अपात्र आहे हे वडिलांनी दाखवावं. पण पाचव्या वाढदिवसाला मूल आपोआप वडिलांकडे जातं, असं कायद्यात कुठेही नाही. पाच वर्षांनंतर कुणाच्याही बाजूने गृहीतक राहत नाही, एवढंच. हनफी मुस्लिम कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. तिथेही न्यायालय हिताची कसोटी सोडत नाही.

मुलाची पसंती. १८९० च्या कायद्याचं सतरावं कलम म्हणतं की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. त्यात नऊ वर्षांचा आकडा नाही. न्यायाधीश बहुधा मुलाशी आपल्या दालनात, आईवडील आणि वकील नसताना बोलतात. ‘मला बाबांकडे जायचंय’ या वाक्यामागे जिव्हाळा आहे, मोबाइलची लालूच आहे की आठवडाभर केलेली शिकवणी, हे पाहिलं जातं. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात आणि त्यांचे अहवाल इथे उपयोगी पडतात. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूल एका पालकाविरुद्ध पढवलं जाण्याच्या धोक्याची सविस्तर दखल घेतली.

चूक कोणाची? समजा, नवऱ्याचे बाहेर संबंध होते हे सिद्ध झालं आणि बायकोला घटस्फोट मिळाला. म्हणून मूल आपोआप तिचं झालं का? नाही. विवाहबाह्य संबंध हे घटस्फोटाचं कारण असू शकतं, पण ताबा नाकारण्याचं नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका आईच्या खटल्यात म्हटलं. वाईट जोडीदार हा वाईट पालक असतोच असं नाही. मात्र दोषाची झळ मुलाला लागत असेल, म्हणजे मुलासमोर मारहाण होत असेल, व्यसनामुळे मूल उपाशी राहत असेल, तर तोच दोष इथेही निर्णायक ठरतो.

पगार. उत्पन्न पाहतात, पण तेवढ्यावर ठरवत नाहीत. आई कमी कमावते म्हणून मूल बापाकडे द्यायचं नसतं, कारण खर्चाची भरपाई दुसऱ्या पालकाकडून करून घेता येते. आई नोकरी करते, एवढ्यानेही तिचा ताबा जात नाही. न्यायालय बघतं ते असं: आजवर मुलाचं जेवणखाण, अभ्यास, आजारपण कोणी सांभाळलं; शाळा आणि मित्र तुटणार का; भावंडं एकत्र राहतील का; घरात आजी-आजोबा आहेत का; आणि हा पालक दुसऱ्या पालकाशी मुलाचं नातं टिकू देईल का. शेवटच्या मुद्द्याकडे अर्जदार दुर्लक्ष करतात. दुसऱ्याची जेवढी निंदा तेवढी आपली बाजू मजबूत, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती त्यांच्याच अंगाशी येऊ शकते.

५. भेट हा कोणाचा हक्क?

एकाकडे ताबा दिला की दुसऱ्याला भेटीची मुभा दिली जाते: शनिवार-रविवार, मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा भाग, वाढदिवस, गणपती. दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे आणि दूर राहणाऱ्या पालकाला फोन किंवा व्हिडिओ कॉलवर संपर्क मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. भेट बंद करायची तर मुलाला धोका असल्यासारखं ठोस कारण लागतं.

‘खर्च देत नाही, म्हणून भेटू देत नाही’ आणि ‘भेटू देत नाही, म्हणून खर्च देत नाही’ ही दोन वाक्यं कुटुंब न्यायालयाच्या वऱ्हांड्यात नेहमी ऐकू येतात. कायद्याला ही अदलाबदल मान्य नाही. खर्च थकला तर वसुलीचा अर्ज करावा. भेट अडली तर आदेशाच्या अंमलबजावणीचा. दोन्हींत तोटा मुलाचाच असतो, म्हणून एकाला दुसऱ्याची अट घालता येत नाही.

६. मुलाचा खर्च

खर्चासाठी हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखाली अर्ज करता येतो. कोणत्याही धर्माच्या मुलासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालीही करता येतो. जुन्या फौजदारी संहितेतलं १२५ वं कलम १ जुलै २०२४ पासून या क्रमांकाने ओळखलं जातं. २०२० च्या एका महत्त्वाच्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आणि खर्चाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागू करायची, निकालाच्या नव्हे.

आई कमावती असेल, तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, असंही त्या निकालात आहे. समजा, शाळा, शिकवणी, बस आणि पुस्तकं मिळून महिन्याला १८,००० रुपये लागतात. आईची कमाई ३०,००० आणि वडिलांची ६०,०००. प्रमाण एकास दोन. आईने ६,००० आणि वडिलांनी १२,००० उचलावेत, असा युक्तिवाद करता येईल. कायद्यात ठरलेली टक्केवारी मात्र नाही. हिंदू मुलीच्या बाबतीत १८ वर्षांवर गाडी थांबत नाही. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल, तर १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखाली वडिलांकडे तो मागू शकते.

७. मूल परदेशातून आणलं तर?

पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबं आता अमेरिकेत आणि युरोपात आहेत. तिथे बिनसलं की एक पालक मुलाला घेऊन सरळ भारताचं विमान पकडतो. अशा मुलांना परत पाठवण्यासाठी १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. त्यामुळे इथलं न्यायालय स्वतःच्या कसोटीने निर्णय देतं.

मिशिगनमध्ये आईकडे ताबा असलेल्या एका मुलाला वडिलांनी शाळेतून उचलून पुण्याला आणलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला आईच्या हवाली करून अमेरिकेला नेण्याची परवानगी दिली. २०१७ च्या एका निकालात मात्र न्यायालयाने म्हटलं की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे. त्या वेळी आईबरोबर भारतात आलेल्या मुलीला इथेच राहू दिलं. दोन निकाल उलटे दिसतात, पण दोन्हींत प्रश्न एकच होता: या मुलाचं आयुष्य कुठे रुजलं आहे? म्हणूनच वेळ महत्त्वाची ठरते. मूल नव्या ठिकाणी दोन-तीन वर्षं रुळलं की त्याला हलवणं अवघड होत जातं.

८. हा आदेश कायमचा असतो का?

घटस्फोटाचा हुकूम अपिलाची मुदत संपली की पक्का होतो. ताब्याचा आदेश तसा कधीच पक्का होत नाही. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो, मग तो संमतीने झालेला का असेना. चार वर्षांची मुलगी आईकडे राहिली. ती बारा वर्षांची झाली, आईची बदली दुसऱ्या राज्यात झाली आणि मुलीला आपली शाळा सोडायची नाही. अशा वेळी वडील नव्याने अर्ज करू शकतात. मुलं म्हणजे आईबापांची चीजवस्तू नव्हेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच मांडलं होतं. खटला चालू असताना होणारा अंतरिम आदेशही हलक्यात घेऊ नये. खटला रेंगाळतो, मूल एका घरात रुळतं आणि तीच व्यवस्था अखेरच्या निकालात वजनदार ठरते.

९. अर्ज करण्याआधी

संमतीच्या अर्जात बहुतेक जोडपी मुलाबद्दल एक ओळ लिहितात: ‘ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा अधिकार.’ पुढची भांडणं याच ओळीतून उगवतात. भेटीचा वार, वेळ आणि जागा लिहावी. सुट्ट्या आणि सण कसे वाटायचे, फोन किती वाजता, आजी-आजोबांची भेट कशी, शाळेच्या फीचा कोणता हप्ता कोण भरणार, दवाखान्याचा मोठा खर्च कसा वाटायचा, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, परदेशी नेताना किती दिवस आधी कळवायचं आणि गाव बदलायचं झालं तर काय, हे सगळं कागदावर यावं.

ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात करायचा. मोठ्या शहरांत कुटुंब न्यायालय असतं, नसेल तिथे दिवाणी न्यायालय. कुटुंब न्यायालयात वकील देणं बंधनकारक नाही आणि पक्षकाराने मागितलं तर सुनावणी बंद दालनात होते. फी परवडत नाही म्हणून मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज करावा. सोबत मुलाचा जन्मदाखला, शाळेची कागदपत्रं आणि झालेल्या खर्चाच्या पावत्या न्याव्यात. मुलाचं रोजचं संगोपन कोण करतं, हे तोंडी आरोपांपेक्षा या कागदांतून अधिक दिसतं.